हैदराबादने केलेली आकाशाची मोजणी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

दुर्बिणीतून काढलेली तेजोमेघांची आणि दीर्घिकांची रंगीत छायाचित्रे आता सगळीकडे पाहायला मिळतात. ती पाहिली की आपल्यातल्या पुष्कळ तरुणांना वाटते, हे आपल्यालाही जमावे. मग पहिला प्रश्न हमखास येतो : किती मोठी दुर्बीण घ्यावी लागेल? आणि दुसरा प्रश्न मनातल्या मनात येतो : जालन्यासारख्या जिल्ह्यात राहून हे कसे व्हायचे? ही कामे पुण्या-मुंबईची, नाहीतर परदेशातली.

या दोन्ही प्रश्नांची उत्तरे इतिहासात सापडतात. त्यासाठी फार लांब जावे लागत नाही. ज्या राज्यात आपला हा मुलूख १९४८ पर्यंत होता, त्याच राज्याच्या राजधानीत दूरच्या आकाशाचे छायाचित्रण पंचवीसएक वर्षे चिकाटीने झाले. ते कसे झाले, आणि त्याच सुमारास पुण्यात त्याहून मोठी दुर्बीण असूनही काम का थांबले, हे पाहिले म्हणजे सुरुवात कोठून करायची ते आपोआप कळते.

आधी थोडी पूर्वपीठिका. छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये फ्रान्समध्ये दागेर यांनी जाहीर केली. आकाशातला सूर्याव्यतिरिक्त पहिला तारा छायाचित्रात उतरला तो १८५० साली, अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेत. तो तारा होता अभिजित. बाँड आणि व्हिपल यांनी १५ इंची दुर्बिणीतून सुमारे शंभर सेकंद प्रकाश घेऊन तो टिपला. तेजस्वी ताऱ्याचे हे झाले. पण तेजोमेघांसारख्या अंधूक वस्तूंसाठी सेकंद पुरत नाहीत, तास लागतात. त्या काळच्या काचा ओल्या रसायनाच्या होत्या. त्या दहा-पंधरा मिनिटांत वाळून निकामी होत. जिलेटिनचा लेप दिलेल्या कोरड्या काचा आल्या आणि ही अडचण दूर झाली.

३० सप्टेंबर १८८० रोजी हेन्री ड्रेपर यांनी न्यूयॉर्कजवळ मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले. काच ५१ मिनिटे उघडी होती. १८८३ मध्ये इंग्लंडच्या अँड्र्यू कॉमन यांनी त्याच तेजोमेघाचे ३६ इंची आरशाने छायाचित्र काढले. त्यात असे तारे दिसले, जे त्याच दुर्बिणीला डोळा लावून दिसत नव्हते. ही मोठी गोष्ट होती. आपला डोळा प्रकाश साठवून ठेवत नाही. दर क्षणी नव्याने पाहतो. काच मात्र थेंब थेंब पाणी साठवणाऱ्या रांजणासारखी प्रकाश साठवत जाते. १८८८ मध्ये आयझॅक रॉबर्ट्स यांनी देवयानी दीर्घिकेचे छायाचित्र घेतले, तेव्हा तिची चक्राकार रचना प्रथमच स्पष्ट झाली. त्यांची दुर्बीण २० इंची होती आणि डब्लिनच्या ग्रब कारखान्यात बनलेली होती.

याच ग्रब कारखान्याची २० इंची दुर्बीण आपल्या पुण्यातही आली. कावसजी दादाभाई नायगामवाला हे मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपयांची देणगी दिली, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली आणि त्यातून पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे नंतरच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात, महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. १८८८ पासून तिचे काम सुरू झाले. तिची २० इंची दुर्बीण पुढची कित्येक दशके देशातली सर्वांत मोठी होती.

नायगामवाला नुसते यंत्र सांभाळणारे गृहस्थ नव्हते. मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटात एक ठळक हिरवी रेषा दिसते. ती मॅग्नेशियममुळे असावी, असे इंग्लंडचे प्रख्यात शास्त्रज्ञ नॉर्मन लॉक्यर यांचे मत होते. तसे असते तर ती रेषा एका बाजूला पसरट दिसली असती. नायगामवालांनी पुण्यातून वेध घेऊन १८९१ मध्ये दाखवून दिले की ती रेषा सुईसारखी बारीक आहे. एवढ्या मोठ्या माणसाच्या विरोधात निरीक्षणाच्या बळावर उभे राहायचे, हे धैर्य तेव्हाच्या हिंदुस्थानात लहान नव्हते.

२२ जानेवारी १८९८ रोजी महाराष्ट्रातून खग्रास सूर्यग्रहण दिसणार होते. सोलापूर जिल्ह्यातील जेऊर हे रेल्वेवरचे लहानसे गाव ग्रहणाच्या पट्ट्यात होते. नायगामवालांनी तेथे तळ ठोकला. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्पबेल चाळीस फूट लांबीचा कॅमेरा घेऊन तेथेच आले होते. खग्रास स्थिती होती जेमतेम दोन मिनिटांची. तेवढ्यात सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे आणि वर्णपट घ्यायचे होते, आणि ते घेतले गेले. नायगामवालांचा त्यावरचा सविस्तर अहवाल १९०२ मध्ये मुंबईत छापला गेला.

आणि मग १९१२ साल आले. नायगामवाला निवृत्त झाले आणि त्याबरोबर वेधशाळाही बंद झाली. उपकरणे बांधून कोडाईकनालला रवाना झाली. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण तेथे अनेक वर्षे वापराविना राहिली. बऱ्याच काळानंतर ती पुन्हा उभी केली गेली, तेव्हा 'भावनगर दुर्बीण' हे नाव तेवढे तिच्याबरोबर उरले होते. पुण्यात पैसा आला, यंत्र आले, बुद्धिमान माणूसही होता. पण त्याच्या हाताखाली तयार झालेला, त्याच्यानंतर दुर्बिणीजवळ उभा राहणारा दुसरा माणूस नव्हता. एका माणसाच्या निवृत्तीबरोबर वेधशाळा संपली.

आता हैदराबादकडे वळू. आपला जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी स्वतंत्र झाला. निजामाच्या काळात यातला बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात आणि परतूरचा भाग परभणी जिल्ह्यात होता. १९०० साली मनमाड ते सिकंदराबाद लोहमार्ग जालन्यावरून गेला आणि राजधानी जवळ आली. त्याच सुमारास हैदराबादचे एक अमीर, नवाब जफर जंग, यांना ज्योतिषशास्त्राचा नाद लागला. येथे ज्योतिष म्हणजे पत्रिका नव्हे, ग्रहताऱ्यांचे वेध. त्यांनी इंग्लंडहून १५ इंची ग्रब दुर्बीण मागवली आणि १९०१ मध्ये आपल्या फिसलबंडा येथील जागेत वेधशाळा सुरू केली. निजामांच्या परवानगीने तिला 'निजामिया' नाव दिले. १९०७ मध्ये नवाब वारले. येथेही पुण्याचीच गत व्हायची. पण जफर जंग यांच्या इच्छेप्रमाणे सरकारने १९०८ मध्ये वेधशाळा ताब्यात घेतली आणि पुढे ती बेगमपेठेत हलवली. म्हणजे जालना, अंबड, भोकरदनचा शेतसारा ज्या खजिन्यात जात होता, त्याच खजिन्यातून या वेधशाळेचा खर्च होऊ लागला. आपल्या आजोबा-पणजोबांना याची वार्ताही नसेल.

या वेधशाळेला काम मिळाले ते जगाच्या कामातला वाटा म्हणून. १८८७ मध्ये पॅरिस वेधशाळेचे संचालक ॲडमिरल मुशे यांच्या पुढाकाराने देशोदेशींच्या खगोलशास्त्रज्ञांची परिषद भरली. पॉल आणि प्रॉस्पर हेन्री या दोघा भावांनी पॅरिसमध्ये ताऱ्यांच्या छायाचित्रणासाठी खास दुर्बीण बनवली होती. तिच्यातून घेतलेल्या छायाचित्रात १८८५ मध्ये कृत्तिकांमधला एक अंधूक तेजोमेघ उमटला होता. तो तोवर कोणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता. परिषदेने ठरवले की साऱ्या आकाशाची छायाचित्रांवरून मोजणी करायची. जमीनमोजणीत जसे गावांचे वाटप होते, तसे आकाशाचे आडवे पट्टे पाडले आणि एकेक पट्टा एकेका वेधशाळेला नेमून दिला. अकराव्या प्रतीपर्यंतच्या प्रत्येक ताऱ्याची जागा नोंदवायची, म्हणजे नुसत्या डोळ्यांनी दिसणाऱ्या सर्वांत अंधूक ताऱ्यापेक्षाही शंभरपट अंधूक ताऱ्यांपर्यंत जायचे.

आकाशाच्या दक्षिण भागातील उणे १७ ते उणे २३ अंशांचा पट्टा चिली देशातील सँटियागो वेधशाळेकडे होता. तिच्याकडून ते काम होईना. तो पट्टा हैदराबादने घेतला. इतर बहुतेक ठिकाणी या कामासाठी १३ इंची दुर्बिणी होत्या. हैदराबादची कुक कंपनीची छायाचित्रण दुर्बीण होती अवघी ८ इंची. चॅटवुड हे पहिले संचालक. १९१४ मध्ये पोकॉक आले आणि काचा घेण्याचे काम मार्गी लागले. १९१८ मध्ये पोकॉक अकाली वारले. पुन्हा तोच प्रसंग, एक माणूस गेला. पण या वेळी वेधशाळेतलेच भास्करन पुढे झाले आणि १९४४ पर्यंत त्यांनी धुरा वाहिली. दक्षिणेचा पट्टा पुरा झाला, तेव्हा जर्मनीतील पॉट्सडॅम वेधशाळेकडून राहिलेला अधिक ३६ ते अधिक ३९ अंशांचा पट्टाही हैदराबादने घेतला आणि १९३८ च्या सुमारास तोही संपवला. दोन देशांकडून राहिलेले काम ८ इंची दुर्बिणीने पुरे झाले. लाखो ताऱ्यांच्या जागा या काचांवरून मोजून छापल्या गेल्या.

हे काम रोज रात्री कसे चाले, ते समजून घेण्यासारखे आहे. काच १६ सेंटिमीटर चौरस असे. तिच्यावर आकाशाचा सुमारे दोन अंश रुंद, दोन अंश लांब तुकडा उतरत असे. आकाशातली एक कला म्हणजे काचेवर एक मिलिमीटर, असे प्रमाण ठरलेले होते. काचेवर आधीच पाच-पाच मिलिमीटरच्या चौकटी प्रकाशाने आखून ठेवत, म्हणजे रसायनात धुताना लेप जरासा ताणला गेला तरी तो चौकटींवरून लक्षात येई. यादीसाठीच्या काचेवर एकाच ताऱ्याचे तीन ठसे घ्यायचे : एक सहा मिनिटांचा, एक तीन मिनिटांचा आणि एक वीस सेकंदांचा. दर वेळी दुर्बीण किंचित सरकवायची.

तीन ठसे कशासाठी? धुळीचा कण किंवा लेपातला दोषही काचेवर ताऱ्यासारखाच ठिपका उमटवतो. पण धूळ एकदाच उमटते आणि तारा तीनदा. या कामाचे जे मोठे नकाशे करायचे ठरले होते, त्यांच्यासाठी तर तीन लांब ठसे इवल्याशा त्रिकोणात घ्यायचे असत. त्रिकोण दिसला की तारा खरा.

पृथ्वी फिरत असल्याने तारे तासाला १५ अंश सरकतात. म्हणून दुर्बीण घड्याळी यंत्राने त्याच गतीने फिरवावी लागे. यंत्र कधी पुढे जाई, कधी मागे राही. निरीक्षक जोडदुर्बिणीला डोळा लावून एक तारा बारीक तारांच्या फुलीवर धरून ठेवी आणि तारा हलला की हाताने दुर्बीण सावरी. डिसेंबरच्या थंडीत, डोळा न हलवता, रात्री-मागून रात्री. उन्हाळ्यात निराळी अडचण : धुण्याचे पाणी तापले की जिलेटिनचा लेप मऊ पडतो.

या काचांचे पुढे काय झाले? काही काळ लोक म्हणू लागले की एवढा खटाटोप वाया गेला, खगोलशास्त्र पुढे निघून गेले. पण १९८९ ते १९९३ या काळात युरोपच्या हिपार्कस उपग्रहाने ताऱ्यांच्या जागा अतिशय काटेकोर मोजल्या. तारे स्थिर दिसले तरी ते अवकाशात चालत असतात. त्यांची चाल काढायची तर जुनी जागा ठाऊक हवी. तेव्हा ही शतकापूर्वीची मोजणी बाहेर निघाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या 'टायको-२' या यादीत २५ लाख तारे आहेत. त्यांची चाल ठरवताना या जुन्या नोंदींचा मोठा आधार घेतला गेला, आणि त्या नोंदींत हैदराबादच्या काचाही आहेत. सहा मिनिटे उघडलेल्या काचेचा उपयोग ऐंशी वर्षांनी झाला. तो होऊ शकला, कारण प्रत्येक काचेवर दिवस, वेळ आणि जागा लिहून ठेवलेली होती.

या वेधशाळेने आणखी एक गोष्ट दिली. तेथे काम करणाऱ्या एका सहायकाचा मुलगा लहानपणापासून दुर्बिणीजवळ वाढला. त्याचे नाव वेणू बाप्पू. पुढे ते हार्वर्डला गेले आणि जुलै १९४९ मध्ये स्वतः घेतलेल्या काचेवर त्यांना एक नवा धूमकेतू सापडला. तो बाप्पू-बोक-न्यूकर्क या नावाने ओळखला जातो. परत येऊन त्यांनी आधुनिक भारतीय खगोलशास्त्राची घडी बसवली. वेधशाळा चालू राहिली, म्हणूनच त्या मुलाच्या हाताला दुर्बीण लागली.

आता आपल्या तरुणांच्या प्रश्नाकडे येऊ. सुरुवात कशी करावी? पुणे आणि हैदराबाद यांच्या गोष्टीतून निघणारे पहिले उत्तर असे की पैसा आधी दुर्बिणीच्या आरशावर घालू नये, ती ज्यावर बसते त्या माउंटवर घालावा. साधा हिशेब करू. ६०० मिलिमीटर नाभीय अंतराच्या लहान दुर्बिणीला आजचा कॅमेरा लावला आणि दुर्बीण स्थिर ठेवली, तर एका सेकंदात तारा चित्रातले सुमारे दहा ठिपके सरकतो. तो बिंदू राहत नाही, रेघ होते. म्हणून इक्वेटोरियल माउंट हवा. त्याचा अक्ष ध्रुवताऱ्याकडे रोखायचा असतो. जालन्यात तो क्षितिजापासून सुमारे वीस अंश कलता ठेवावा लागतो, कारण आपला अक्षांश तेवढा आहे. मजबूत माउंटवरची तीन इंची दुर्बीण चांगले चित्र देते. डुगडुगत्या माउंटवरची आठ इंची देत नाही.

पहिले काही महिने तर दुर्बिणीचीही गरज नाही. साधा कॅमेरा, ५० मिलिमीटरची लेन्स, तिकाटणे आणि दहा सेकंदांचा प्रकाश, एवढ्यावर मृग नक्षत्र आणि त्यातला तेजोमेघाचा धूसर ठिपका मिळतो. हात बसला की पुढे जावे.

हैदराबादचा निरीक्षक जे डोळ्याने करी, ते आता जोडदुर्बिणीवरचा छोटा कॅमेरा आणि संगणक करतात. त्याला गाइडिंग म्हणतात. तासभराच्या एका ठशाऐवजी आता दोन-तीन मिनिटांचे अनेक ठसे घेऊन संगणकावर एकत्र करतात. शंभर ठसे एकत्र केले तर चित्रातला खरखरीतपणा दहापट कमी होतो. आणि दर काही ठशांनंतर दुर्बीण मुद्दाम किंचित सरकवतात. त्याला नवे नाव आहे डिदरिंग, पण युक्ती जुन्या मोजणीचीच : कॅमेऱ्यातला दोष एकाच जागी राहतो, तारा सरकतो, आणि दोघे वेगळे काढता येतात. उष्णतेचा त्रासही तोच आहे. तापलेला कॅमेरा चित्रात खोटे ठिपके उमटवतो. म्हणून झाकण लावून तेवढ्याच वेळाचे, तेवढ्याच तापमानाचे काळे ठसे घेतात आणि ते वजा करतात.

काय टिपावे? फेब्रुवारीच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास दक्षिणेकडे पाहा. व्याधाचा तेजस्वी तारा दिसेल. त्याच्या खाली चार अंशांवर एक तारकागुच्छ आहे. मेसिए यांच्या यादीत त्याचा क्रमांक ४१. हा गुच्छ नेमका हैदराबादच्या दक्षिण पट्ट्यात येतो. उन्हाळ्यात पहाटे आणि पावसाळा सरताना संध्याकाळी डोक्यावर येणारा अभिजित हैदराबादच्या उत्तर पट्ट्यात आहे. त्याच पट्ट्यात शौरी समूहातला तेरावा मेसिए गुच्छही येतो. उन्हाळ्याच्या रात्री दक्षिण क्षितिजाजवळ ओमेगा सेंटॉरी हा प्रचंड तारकागुच्छ आपल्याला दिसतो. लंडन-पॅरिसच्या माणसाला तो घरून कधीच दिसत नाही. ही आपल्या अक्षांशाची कमाई आहे.

दुसरी कमाई अंधाराची, आणि ती मात्र हातची जात आहे. जालना शहराचा आणि औद्योगिक वसाहतीचा उजेड रात्री आकाशावर चढतो. समृद्धी महामार्गाबरोबर दिव्यांचे नवे पुंजके आले. गावोगावी पांढरे झगझगीत पथदिवे लागले. दिवे हवेतच, त्यांना विरोध करण्याचे कारण नाही. पण दिव्याला वरून झाकण असले तर उजेड रस्त्यावर पडतो आणि वीजही वाचते. आकाश उजळून कोणाचाच फायदा होत नाही. मंठा, घनसावंगी, जाफराबादकडच्या शिवारात अजून नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या अमावस्येला चांगले काळे आकाश मिळते. ग्रामपंचायतींनी एवढे झाकण बसवले तरी ते टिकेल.

शेवटचे सांगणे नोंदीचे आणि वारशाचे. प्रत्येक चित्राबरोबर तारीख, वेळ, ठिकाण, दुर्बीण आणि प्रकाशाची मिनिटे लिहून ठेवा. सुंदर चित्र चार दिवस कौतुकाचे होते. नोंद असलेले चित्र तुमच्या नातवंडांच्या काळातही पुरावा म्हणून उभे राहते. आणि एकट्याने शिकू नका. एखाद्या शाळेच्या कपाटात दुर्बीण पडून असेल तर ती बाहेर काढा, दोन-चार मुलांना जवळ बसवा, काच कशी पुसायची आणि ध्रुव कसा साधायचा ते त्यांच्या हातून करून घ्या. देशातली सर्वांत मोठी दुर्बीण पुण्यात मुकी झाली ती माणसावाचून. हैदराबादची लहान दुर्बीण बोलत राहिली, कारण एकाचा डोळा दमला की दुसऱ्याचा डोळा तिथे लागत होता.